ठरावाखालचं नाव

सव्वीस जानेवारीला सकाळी पाड्यावर टेम्पो आला, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. कोंढगावची पंचायत आमच्या खांडपाड्यापासून पाऊण तासाच्या चालीवर. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला, ठकीला, साप चावला तेव्हा हाच टेम्पो मागितला होता, तर डिझेल नाही म्हणाले. झोळी करून मासवणच्या दवाखान्यापर्यंत नेली तिला आम्ही. आणि आता ग्रामसभेला चला म्हणून टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हसून बोलतोय, म्हाताऱ्यांना हात देऊन वर चढवतोय.

बाप खूश झाला. नवशा माझा बाप. पाड्यातला सगळ्यात जाणता माणूस, लग्नाचा असो की भांडणाचा, पहिला शब्द त्याचा. त्यानं धुतलेली बंडी घातली, टोपी झटकली आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला.

"बोलावलाय तं जायाला पायजे," म्हणाला. "झऱ्याचा बोलून घेऊ."

मी चिंतू. सातवी शिकलो, बोईसरला एका कारखान्यात सहा वर्षं हेल्परी केली, कारखान्याला टाळं लागलं तसा घरी आलो. पाड्यात धड वाचता येणारा तेव्हा मी एकटाच, आणि त्याचा मला माजही होता. म्हणून हे सगळं जास्त लागतं.

पंचायतीच्या दारातच ग्रामसेवक एकनाथ वही आणि शाईचा डबा घेऊन बसला होता. "आधी हजेरी, मग आत." आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. रोजगार हमीच्या बंधाऱ्यावर आधी हजेरी, मग घमेलं. वीटभट्टीवर आधी हजेरी, मग चिखल. आंगठा दिल्याशिवाय कुठं शिरायचं नसतं हे आमच्या अंगात मुरलंय. बाप सगळ्यांत पुढं. त्याच्यामागं त्याचा चुलतभाऊ सुका. मग भट्टीवर न गेलेला सगळा पाडा, बायामाणसं धरून चौऱ्याहत्तर. आणि मी, शिकलेला शहाणा, मी काय केलं? ज्या म्हाताऱ्यांचे हात थरथरत होते त्यांचे आंगठे मी धरून दाबले. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. वर काहीच लिहिलेलं नव्हतं, पान कोरं होतं, आणि तेही मी बघितलं नाही.

आत खुर्चीवर सरपंच पारू बसलेली. आमच्यातलीच, तळ्याच्या पाड्यावरची. जागा राखीव झाली तशी तिला आणून बसवली. ती पदर सावरून जमिनीकडं बघत राहायची. बोलायचा तो उपसरपंच कृष्णकांत. केळव्याकडं त्याची वाडी, इथं दोन ट्रक, आणि पंचायत म्हणजे घरचं अंगण असल्यासारखा वावर. वीस मिनिटं त्यानं काहीबाही वाचून दाखवलं. मग बाप उठला.

बापाचा डावा गुडघा बंधाऱ्यावर दगड पडून मोडलेला. उभा राहिला की तो एका बाजूला झुकतो, मग भिंतीला हात लावतो.

"शेट, वाघझऱ्याला पायऱ्या बांधून द्या. पावसात बाया घसरतात हंडं घेऊन. दोन जणींचं हात मोडलं."

कृष्णकांतानं चष्म्यावरून बघितलं. "नवशा, सकाळी सकाळी ताडी ढोसून सभेला येतात का? आधी नीट उभा राहा. मग माग काय ते."

गावातले हसले. एकनाथही हसला. बापानं त्या दिवशी पेजेशिवाय काही घेतलं नव्हतं. तो तसाच भिंतीला हात लावून उभा. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि दाराकडं चालू लागला. त्याच्यामागं सुका उठला, मग सगळा पाडा उठला.

आमच्या बैठकीची रीत अशी आहे. जाणता उठला की बैठक मोडली. मोडल्या बैठकीत मागे कुणी काही ठरवलं तर ते धरायचं नाही, ते वारं. आजोबांच्या आधीपासून असंच चालत आलंय आणि कधी कुणाला कागद लागला नाही. म्हणून आम्ही टेम्पोकडं ढुंकूनही न बघता चालत घरी आलो. आई म्हणाली, "बरा केला. मोडली त्यांची सभा." मीही छाती काढून चाललो. किती मूर्ख होतो आम्ही, आणि मी त्यातला वाचता येणारा मूर्ख.

*

फाल्गुनात भाताच्या रोपांसाठी राबाचं काम होतं. वावरात शेण पसरायचं, त्यावर वाळल्या पानांचा पातेरा, वर मातीची ढेकळं, मग भाजायचं. बाप गुडघ्यावर हात ठेवून पातेरा सारखा करत होता. मी आणि माझी बायको ठमी डोक्यावरून भारे आणत होतो. ऊन चढलेलं, पाठीत फांद्यांच्या काटक्या टोचत होत्या. तेवढ्यात डोंगरावरून घरघर ऐकू आली. थांबली, पुन्हा सुरू झाली.

"ट्रॅक्टर?" ठमी म्हणाली.

"डोंगरावर कशाचा ट्रॅक्टर," बाप म्हणाला आणि कोयता घेऊन चालू लागला.

झऱ्याच्या वरच्या अंगाला पाच-सहा माणसं कॉम्प्रेसर लावून खडकाला भोकं पाडत होती. झाडं तोडून वाट केलेली. सुपरवायझर छत्री उघडून बसलेला. बाप त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, हातात कोयता तसाच. तो घाबरला नाही. खिशातून घडी केलेली झेरॉक्स काढली.

"पंचायत का कागज है, बाबा. तुम्हारे ही लोगों ने दिया है."

मी कागद घेतला. ग्रामसभा, दिनांक सव्वीस जानेवारी. उपस्थिती एकशे चार. विषय क्रमांक सात, वाघझऱ्याच्या डोंगरावर दगडखाणीस ना हरकत देणेबाबत. चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर. खाली दोन नावं.

"काय लिवलाय?" बाप म्हणाला.

"डोंगर खाणीला दिलाय म्हणून लिवलाय."

"कोनी दिला?"

"सूचक नवशा देवजी करबट. अनुमोदक सुका जान्या करबट."

"सूचक म्हंजे?"

"ज्यानं सांगितला तो. ज्यानं मागितला."

"परत वाच."

मी परत वाचलं. बाप एका दगडावर बसला. ड्रिल मारणारे थांबून आमच्याकडं बघत होते. सुपरवायझर म्हणाला, "चलो, काम करने दो." आणि घरघर पुन्हा सुरू झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण कुणाला मारू? त्या बिहारी पोरांना? ती पण आमच्यासारखीच, घर सोडून आलेली. ज्याला मारायचं तो कोंढगावात पंख्याखाली बसला होता.

आता कळलं टेम्पो कशाला आला ते. आदिवासी डोंगर, आदिवासी हजर पाहिजेत. शंभर माणसांचा कोरम पाहिजे. गावची तीस, आमची चौऱ्याहत्तर. आम्ही सभा मोडून आलो असं आम्हाला वाटत होतं, आणि तिथं आम्ही सगळे वहीत बसलेलो होतो, हात वर करून.

*

बातमी पाड्यावर आमच्या आधी पोचली. बाप दुसऱ्या दिवशी सुकाच्या घरी गेला. सुका खाटेवर बसून दोर वळत होता, वर बघितलं नाही.

"सुका, तुझा नाव बी हाय त्यात."

"माझा नाव कोनी सांगितला त्यांना? तू फुडं बसला होतास, डायवरच्या बाजूला."

"मी सांगितला?"

"माला काय माहीत. काय भेटला तुला, तेवढा सांग."

बाप माघारी फिरला. घरी येऊन कुडाच्या भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

चैत्रात सुकाच्या पुतणीचं लग्न झालं. आमच्याकडं जाणत्यानं पहिला शब्द बोलल्याशिवाय मांडव धरत नाहीत. चाळीस वर्षं तो शब्द बापाचा होता. यंदा बोलावणं आलं नाही. मांडव आमच्या अंगणातून दिसत होता, तारपा ऐकू येत होता. बाप दिवसभर अंगणात बसून एक जुनी कणगी सांधत राहिला. सांधायचं झालं की उसवायचा, पुन्हा सांधायचा. आई आत बसून शिव्या देत होती, सुकाला, कृष्णकांताला, मला.

"तूच दाबलंस ना रं आंगठं," मला म्हणाली. "सातवी शिकून हेच शिकलास."

खरंच होतं.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी पहिला सुरुंग उडाला. ठमी झऱ्यावरून आली ती हंडा दारातच आपटून. पाणी तांबडं. चुळीत घेतलं तर दाताखाली रेती. दोन दिवस तसंच आलं, मग निवळलं, पण धार निम्म्यावर आली होती. उन्हाळ्यात पाड्याला दुसरं पाणी नाही. नदीवर जायचं तर दीड कोस.

*

मी पालघरला पंचायत समितीत गेलो. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला, दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी दमयंतीबाई म्हणून विस्तार अधिकारी भेटल्या. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून ठेवला.

"आंगठे कधी दिले?"

"आत जाताना."

"आणि उठून कधी आलात?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

"हे बघा, तुम्ही रागावून उठता ना, तेव्हा वहीत तुम्ही गैरहजर होत नाही. वहीत तुम्ही कबूल होता. एक मेच्या सभेत पहिला विषय असतो, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. तिथं हरकत घ्या. सगळ्यांनी घ्या. आणि काही झालं तरी उठू नका."

"उठायचं नाय?"

"अजिबात नाही. आणि अजून एक. तुमच्या भागाला आता पाड्याची वेगळी ग्रामसभा मागता येते, नवा कायदा आलाय. तोही अर्ज द्या." खोटं इतिवृत्त लिहिल्याची तक्रार त्यांनीच मला सांगून लिहून घेतली, शिक्का मारून एक प्रत दिली. एक मेला येता का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, जमलं तर.

पण माणसं कुठं होती? निम्मा पाडा भिवंडीकडं भट्टीवर. मी दोन दिवस भट्ट्या पालथ्या घातल्या. माती कालवणाऱ्या, विटा थापणाऱ्या आमच्याच बाया, गुडघ्यापर्यंत चिखल. मुकादम म्हणाला, सीझनमध्ये माणूस हलवायचा नाही. मी बायांना म्हणालो, झऱ्याचं पाणी तांबडं झालंय. एवढंच म्हणालो. तीस एप्रिलला त्या मुलं काखोटीला मारून, मुकादमाच्या शिव्या खात एसटीत चढल्या. सुकाचा मुलगा दामूही आला. माझ्या बापाचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही.

*

एक मेला टेम्पो आला नाही. आम्ही चालत गेलो, एकशे बारा माणसं. बाप सगळ्यांत मागं, ठमीच्या बरोबर. रस्ता तापून पायाला चटके बसत होते.

दारात एकनाथ वही घेऊन बसलेलाच. मी आधीच सगळ्यांना बजावलं होतं, आधी वाचून घ्यायचं, मग आंगठा. आई पुढं होऊन म्हणाली, "आंगठा सभा झाल्यावर." एकनाथ आत गेला, बाहेर आला. कृष्णकांत दारात येऊन मोठ्यानं म्हणाला, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब. तहकूब सभा एका तासानं याच जागी." आणि मला बघून हसला. "तहकूब सभेला कोरम लागत नाही, चिंतू. वाचता येतं ना तुला?"

आंगठा दिला तरी त्यांचा फायदा, नाही दिला तरी त्यांचाच. असला कायदा कुणाच्या आईनं जन्माला घातला? मी दातओठ खात उभा होतो. पण आईचं डोकं माझ्यापेक्षा चालतं. ती काही न बोलता आत गेली आणि कृष्णकांताच्या टेबलापुढं मांडी घालून बसली. तिच्यामागं बाया, मग पुरुष. खोली भरली, ओटा भरला, खिडक्यांत माणसं चढली. तास गेला. पंखा बंद केला त्यांनी. आम्ही भट्टीवरची माणसं, आम्हाला पंख्याचं काय.

एकनाथनं विषय पहिला वाचला. "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. कायम?"

"वाच," आई म्हणाली.

"अगं ते मोठं आहे—"

"आमाला काम नाय आज. वाच."

त्याला वाचावं लागलं. विषय सातला आला तसा तो भरभर वाचायला लागला. दामू म्हणाला, "हळू." त्यानं हळू वाचलं. सूचक नवशा देवजी करबट.

सगळ्यांची तोंडं बापाकडं वळली. बाप भिंतीला धरून उठला. या वेळी कुणी हसलं नाही.

"मी मांडला नाय. मी झऱ्याच्या पायऱ्या मागितल्या. मग मी गेलो."

"वहीत आहे," कृष्णकांत म्हणाला.

"वहीत खोटा हाय."

तेव्हा सरपंच पारूनं पहिल्यांदा मान वर केली. "माझी सही बी आधीच घेतली होती. कोऱ्यावर," एवढंच म्हणाली आणि पुन्हा खाली बघायला लागली. मी तक्रारीची शिक्क्याची प्रत काढून टेबलावर ठेवली. एकनाथचा चेहरा उतरला. कृष्णकांत आणि तो मागच्या खोलीत गेले, कुजबुजून परत आले. दमयंतीबाई आल्या नव्हत्या, नंतरही आल्या नाहीत.

आता कृष्णकांताचा आवाज मऊ झाला होता. "नवशा, हे बघ. तू खोटं म्हणशील, हा एकनाथ खरं म्हणेल. चौकशी लागेल. चौकशी म्हणजे वर्ष. तोवर खाण चालूच. त्यापेक्षा सोपं सांगतो. तू फक्त एवढं म्हण, मी मांडलेला ठराव मागे घेतो. आत्ता लिहितो, आत्ता सही. उद्या मशीन खाली. आणि चिंतू, मग ही तक्रारही काढून घे."

मला कळलं त्यात काय आहे ते. बाप तसं म्हणाला की खोटं उरतच नव्हतं. एकनाथची नोकरी शाबूत, कृष्णकांत शाबूत, आणि डोंगर देणारा माणूस कायमचा नवशा. देणारा तोच आणि पस्तावून परत मागणाराही तोच.

"मी मांडलाच नाय," बाप म्हणाला, "तं मागं काय घेऊ?"

एक तान्हं रडत होतं. सुका बापाकडं बघत होता. मग एक भट्टीवरची बाई म्हणाली, "म्हण ना रं, नवशादादा. पानी जातंय." दुसरी म्हणाली, "म्हण." मग सगळीकडून म्हण, म्हण. बाप कुणाकडंच बघत नव्हता, फक्त माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं असेल, हा वाचता येणारा आहे, हा काहीतरी काढेल.

आणि मी म्हणालो, "म्हण, बा."

बापाचा भिंतीवरचा हात सुटला, मग त्यानं पुन्हा धरला. "मी मांडलेला," तो म्हणाला, "मागं घेतो." एकनाथनं लगेच लिहिलं. कधी एवढं सुंदर अक्षर काढलं नसेल त्यानं. मी ते वाचून दाखवलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बापानं आंगठा दिला.

लोक उठायला लागले. आई ओरडली, "बसा. कोनी उठायचा नाय." ती एकनाथकडं वळली. "आता लिव. हितनं फुडं डोंगराचा, झऱ्याचा, जंगलाचा काय बी असंल ते खांडपाड्यावर बसून. आमच्या बैठकीत. तू वही घेऊन तिथं यायचा. दर महिन्याला. आधी बोलायचा, मग लिवायचा, मग वाचायचा, मग आंगठा." कृष्णकांत म्हणाला असं होत नाही, वरून मंजुरी लागते. "तं वर पाठव," आई म्हणाली. संध्याकाळी चार वाजेपर्यंत आम्ही हाललो नाही. चार वाजता एकनाथनं लिहून घेतलं.

मशीन तिसऱ्या दिवशी खाली गेलं. पावसानंतर झऱ्याची धार बरी झाली, पहिल्यासारखी नाही. पाड्याच्या सभेची मंजुरी यायला दीड वर्ष लागलं, तीन वेळा मोर्चा न्यावा लागला, पण आम्ही मंजुरीची वाट बघत बसलो नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी खळ्यावर बैठक. ग्रामसेवक बदलले, सरपंच बदलले, बैठक मोडली नाही. आता आसपासचे सात पाडे असंच बसतात. जिल्ह्याचे साहेब गाडी घेऊन बघायला येतात, फोटो काढतात, आमच्या पाड्याचं नाव भाषणात घेतात.

सुकानं पुढच्या लग्नात बापाला बोलवायला माणूस पाठवला. बाप गेला नाही. बैठकीला मात्र तो प्रत्येक महिन्याला येतो, मागं भिंतीला टेकून बसतो, सगळं ऐकतो. काही विचारलं तर मान हलवतो. शेवटी वही फिरते तेव्हा तो हात पुढं करत नाही. ठमीनं एकदा शाई पुढं केली, तर म्हणाला, "माझा देऊन झाला."

त्यामुळं आमच्या सभेत बसलेली माणसं आणि वहीतली माणसं यांत दर वेळी एकाचा फरक येतो. नवा ग्रामसेवक दर वेळी मोजतो आणि मला विचारतो, चिंतूभाऊ, एक कमी कसा? मी त्याला सांगतो, माझ्याकडून चूक झाली.